घरच्या कलबुताचा पाय

…तर त्या खिळ्याचं सांगायचं काल राहूनच गेलं. चहा आला आणि मी भलतीकडे वाहवत गेलो.

खिळा चांगला बोटाच्या पेराएवढा होता. सकाळी दुकानात आल्या आल्याच तो माझ्या शेजारच्या बूटवाल्याच्या, बगळोबाच्या, जोड्याच्या तळातून वर शिरला असणार. आणि हा गडी संध्याकाळपर्यंत त्या खिळ्यावर उभा राहिला, चालला, गिऱ्हाइकांशी हुज्जत घातली, दुपारी माझ्याशी एकदा कडाकडा भांडलासुद्धा. घरी जाऊन जोडे काढले, मोजे तसेच पायात, आणि पाणी प्यायला आत गेला. वहिनींनी फरशी पाहिली. दारापासून पाण्याच्या पिंपापर्यंत एकाच पायाचे लाल ठसे. त्या किंचाळल्या, "अहो, घरात कुणाला तरी लागलंय!" हा म्हणतो, "कुणाला गं?" आणि लागला शोधायला. खाटेखाली बघतो, दाराआड बघतो, पोरीला हाका मारतो. तो जाईल तिकडे ठसे त्याच्या मागे मागे. शेवटी पोरीनेच, तेव्हा ती दहाएक वर्षांची असेल, बोट दाखवलं. म्हणाली, "बाबा, तुम्हीच गळताय."

दुसऱ्या दिवशी त्याने हे मला सांगितलं तेव्हा हसून हसून माझ्या हातातली कानस खाली पडली. पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट मी दुकानात येईल त्याला सांगितली. बगळोबा स्वतः मधे मधे भर घालायचा. "खिळा पायाला लागला होता, मला थोडाच लागला होता!" असं तो म्हणायचा आणि गिऱ्हाईक पोट धरून हसायचं. आता सांगताना हसू अर्ध्या वाटेत अडतं.

आम्ही दोघं एकाच दुकानात बसायचो. मधे एक फळी उभी केलेली. फळीच्या अलीकडे मी, चाव्या करणारा. पलीकडे तो, बूट करणारा. बगळोबा हे नाव त्याच्या चालीवरून पडलेलं. गुडघा उंच उचलायचा, पाय क्षणभर अधांतरी लोंबायचा, मग चवडा आधी फट्‌कन खाली. बगळा चिखलातून चालतो ना, हुबेहूब तसा. नाव मीच ठेवलं असं लोक म्हणतात, पण मी नाही ठेवलं. मी फक्त पसरवलं. तो मला चावीबुवा म्हणायचा, म्हणजे फिट्टंफाट.

आता त्याच्या घराण्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

ओला पाय फरशीवर ठेवला की तुमचा माझा ठसा कसा उमटतो? पुढे चवडा, मागे टाच आणि मधे त्यांना जोडणारी पट्टी. या घराण्याचा ठसा म्हणजे पुढे चवडा, मागे टाच, आणि मधे काही नाही. तळव्याला अशी उंच कमान की खालून उंदीर निघून जावा. या कमानीचा त्यांना काय अभिमान! सपाट पायाची गिऱ्हाइकं बूट करणाऱ्याला छळतात, शिवण फाकवतात, टाचा झिजवतात. म्हणून यांचे आजोबा म्हणायचे, जोडा घालावा तर आमच्या पायाने, बाकीचे नुसते चालतात. त्या आजोबांनी स्वतःच्या पायावरून एक कलबूत कोरलं होतं. कलबूत म्हणजे लाकडी पाय, ज्याच्यावर चामडं ओढून बूट घडवतात. त्याला 'घरचं कलबूत' म्हणायचे. तीन मापांत होतं, लहान मुलाचं, बाईचं आणि पुरुषाचं. घरात मूल सात वर्षांचं झालं की त्याचा पाय त्या लहान कलबुताशेजारी ठेवून बघायचे. जुळला तर मूल खऱ्या रक्ताचं. नाही जुळला तर त्याचे जोडे बाजारच्या कलबुतावर, आणि जन्मभर चिडवणं.

बगळोबाच्या थोरल्या भावाचा पाय सपाट निघाला. बिचाऱ्याला 'पाहुणा' म्हणून इतकं चिडवलं, इतकं चिडवलं की तो वैतागून ट्रक चालवायला निघून गेला. तो आज सत्तरीचा आहे आणि अजून दोन दोन पायऱ्या एकदम चढतो.

आणि बगळोबाची पोर सात वर्षांची झाली तेव्हा तिचा पाय जुळला. अगदी बोटाच्या वळणापर्यंत. हा मिठाईचा खोका घेऊन अख्ख्या रांगेत दुकानोदुकानी फिरला. "पाय घरचा निघाला! पोरीचा पाय घरचा निघाला!" मी दोन तुकडे खाल्ले. तिसरा खिशात घातला.

दुसऱ्या कुठल्या घरात हे झालं नसतं बघा. दुसऱ्या कुणी तसला पाय पाहिला असता तर मुकाट डॉक्टरकडे नेला असता. जोडे करणाऱ्यांनी तो मिरवला.

त्याच्या वडिलांचं मात्र कुणी मिरवलं नाही. ते बुटांच्या कारखान्यात कामाला होते. चाल हीच, फक्त पुढे पुढे आणखी डळमळीत झालेली. लोक त्यांना 'झिंग्या' म्हणायचे. त्या माणसाने आयुष्यात दारूला शिवलं नव्हतं, पण गल्लीतली पोरं त्यांच्यामागे झोकांड्या खात चालायची. एक दिवस सुपरवायझरने सगळ्यांसमोर बोलावलं. "तोंड उघड." उघडलं. हुंगलं. वास नाही. "मग गोळ्या खात असशील कसल्यातरी," म्हणाला आणि कामावरून काढलं. वर्षाच्या आत ते जिन्यावरून घसरून पडले आणि त्यातच गेले. शेजारी सांत्वनाला आले ते हळू आवाजात बोलत होते, "शेवटी दारूनेच नेलं." बगळोबा तेव्हा सोळा वर्षांचा. त्याने ते ऐकलं.

तेव्हापासून त्याने एकच पण केला असावा, की आपण डुलताना कुणाला दिसायचं नाही. तो भिंतीच्या कडेकडेने चालायचा, एक हात भिंतीला नकळत लागलेला. रस्ता ओलांडायचा असेल तर घड्याळ बघत उभा राहायचा, जणू कुणाची वाट बघतोय; गर्दी पांगली की मग पलीकडे. आणि त्याने स्वतःसाठी एक बूट बनवला. घोट्याच्या वरपर्यंत येणारा, दोन्ही बाजूंच्या अस्तरात पोलादाची पातळ पट्टी शिवलेली, म्हणजे चवडा लोंबायचा नाही. काय देखणं काम होतं! पट्टी आत आहे हे बोट लावूनही कळायचं नाही. मी म्हटलं, "बगळोबा, हा तर चिलखत घातलेला बूट झाला." तो म्हणाला, "फॅशन आहे, बुवा. तुला काय कळणार, तू कुलपातला माणूस."

पाय असे बुटात लपले. हात कुठे लपवणार?

अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधे मांसाचा एक फुगवटा असतो. मूठ वळली की वर येतो, बघा वळून. त्याच्या हाताचा तो फुगवटा ओसरत गेला. पन्नाशीला तिथे खळगा पडला, लाडू ठेवावा एवढा. आरी, म्हणजे चामड्याला भोक पाडायचं हत्यार, हातातून निसटायला लागली. मग त्याने चामड्याचा पट्टा करून आरी तळहाताला बांधली. दोरा ओवायला पोरीला बसवायचा. थंडीत बोटं वाकडी होऊन बसायची, ती एकेक करून दुसऱ्या हाताने सरळ करायचा आणि पुन्हा कामाला. दुकानाची चावी त्याला फिरवता येईना, तेव्हा मी त्याला मागच्या बाजूला रुंद पान असलेली चावी करून दिली. तो म्हणाला, "ही काय वल्ह्यासारखी?" मी म्हटलं, "फॅशन आहे."

इथवर सगळं थट्टेत निभावलं.

मग एक दिवस त्याची पोर माझ्याकडे आली. ती तेव्हा औषधांच्या दुकानात कामाला लागली होती, सकाळी शटर तिनेच उघडायचं. "काका, ही चावी अडते." मी कुलपात घालून पाहिली. लोण्यासारखी फिरली. तरी दोन हात कानस मारली आणि दिली. आठवड्याने परत. "अडतेच आहे." पुन्हा कानस, तेल. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी म्हटलं, "तूच फिरव बघू माझ्यासमोर." तिने चावी दोन्ही हातांत धरली आणि मनगटाने रेटली. मी चावीकडे बघायचं सोडून हाताकडे बघितलं. अंगठा आणि बोटाच्या मधे खळगा. अजून उथळ होता. पण मी तो खळगा रोज फळीपलीकडे बघत होतो.

मी काय केलं? तिलाही रुंद पानाची चावी करून दिली. "आता नाही अडणार," म्हटलं. ती म्हणाली, "काका, तुम्ही जादूगार आहात." आणि मी गप्प बसलो. तब्बल दोन वर्षं. एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या रांगेला ठाऊक. नेमकं तेवढंच माझ्या तोंडून निघालं नाही.

पुढचं घडलं ते बगळोबाच्या पायामुळेच. थंडीचे दिवस, दुकानात शेगडी. हा शेगडीला पाय लावून बसला आणि कामात गढला. मला जळका वास आला, मी म्हटलं चामडं जळतंय. तो म्हणाला, "नाही रे, चामडं तर इथे आहे." बूट काढून बसला होता. उजव्या पायाची कड भाजून काळी पडलेली. त्याने फडकं गुंडाळलं आणि महिनाभर कुणाला दाखवलं नाही, कारण दुखतच नव्हतं. जखम चिघळली, पाय सुजला, ताप चढला. तेव्हा पोरीने, तोवर तिचं लग्न झालं होतं, नवऱ्याला बोलावून त्याला हॉस्पिटलात घातलं. दोन बोटं काढावी लागली.

तिथे एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी जखम पाहिली, मग दुसरा, धड पाय हातात घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही. गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. पाय हलला नाही. मग खाटेखाली ठेवलेला तो बूट उचलला, आत बोट घालून चाचपला. त्यांना पट्टी कळली.

"हा कुणी करून दिला?"

"मीच केला."

"कशासाठी?"

"पाय लोंबतो म्हणून."

"म्हणजे आजार आहे हे तुम्हाला ठाऊक होतं."

"बूट ठाऊक होता," तो म्हणाला. "आजार नाही."

बाईंनी मान वर केली. पोर खाटेच्या कडेला उभी होती. तिला त्या म्हणाल्या, "तू जरा सँडल काढतेस?" तिने काढली. बाईंनी खाली वाकून पाहिलं. मी दाराशी उभा होतो. बगळोबाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

नंतर त्यांनी समजावून सांगितलं. मेंदूपासून हातापायांकडे तारा जातात, त्यांच्यावरचं आवरण या घराण्यात झिजत जातं. सगळ्यांत लांबच्या तारा आधी मरतात, म्हणून आधी पाय, मग हात. स्नायू वाळतात, स्पर्श जातो, दुखणं कळत नाही. कमान त्यामुळेच. चाल त्यामुळेच. औषध नाही. पायाला आधार, थोडा व्यायाम, आणि रोज तळवे बघणं. ज्याला आहे त्याच्या प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, नाणं उडवल्यासारखी. रक्त तपासून नक्की सांगता येतं, पण आधी बापाचं रक्त हवं. घराण्यातला दोष नेमका कुठे आहे हे त्याच्यात सापडलं की मग मुलीचं बघायचं.

वहिनींनी एकच विचारलं, "माझ्याकडचं काही नाही ना त्यात?" बाई म्हणाल्या, नाही. वहिनींना सुटल्यासारखं झालं, आणि तसं झालं म्हणून त्या तिथेच रडायला लागल्या.

पोरीच्या लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं. मूल हवं होतं दोघांनाही. ती बापाला म्हणाली, "तुमचं रक्त द्या, बाबा. मला कळल्याशिवाय मी पुढचं काही ठरवणार नाही." तो म्हणाला, "देऊ सावकाश." आणि दिलं नाही. चार महिने. कधी ताप, कधी गिऱ्हाइकाची घाई. जावई येऊन समजावून गेला, वहिनींनी अबोला धरला, आणि हा काठी घेऊन दुकानात येऊन बसायचा.

मी विचारलं, "सुईची भीती वाटते काय रे, जन्मभर आरी चालवून?"

तो फळीपलीकडून म्हणाला, "बुवा, मी मिठाई वाटली होती."

दोन तुकडे खाल्ले होते मी.

शेवटी रक्त त्याने दिलं, पण आधी वेगळ्या ठिकाणी सांडलं. एका लहान मुलीचे पांढरे बूट शिवायला घेतले होते. मी म्हणत होतो, पांढरं काम घेऊ नकोस. त्याने ऐकलं नाही. रापी, म्हणजे चामडं तासायची पात, डाव्या अंगठ्यात गेली ती थेट हाडापर्यंत. त्याला पत्ता नाही. तो तासतच राहिला. त्याच वेळी पोर डबा घेऊन आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"बाबा, थांबा."

"थांबतो, एवढी कड होऊ दे."

"बाबा, हात बघा तुमचा."

त्याने पाहिलं. मांडीवरचं पांढरं चामडं भिजलेलं. तो खूप वेळ बघत बसला, जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे. पोरीने त्याचा अंगठा स्वतःच्या ओढणीत आवळून धरला. पण तिला गाठ मारता येईना. बोटं एकमेकांवरून घसरत होती. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. गाठ मी जाऊन मारली. बगळोबा अंगठ्याकडे बघतच नव्हता, तिच्या बोटांकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन हॉस्पिटलात गेला. भिंतीच्या कडेने नाही, रस्त्याच्या मधून, जावयाच्या खांद्यावर हात ठेवून, डुलत.

निकाल यायला बरेच आठवडे लागले. त्या काळात त्याने हत्यारं पुसून, तेल लावून पेटीत ठेवली. कुणी विचारलं तर "जरा विश्रांती" म्हणायचा. शर्टाची बटणं वहिनी लावून द्यायच्या. संध्याकाळी त्या त्याचे तळवे मांडीवर घेऊन धान्य निवडावं तशा निरखून बघायच्या, कुठे खरचटलंय, कुठे फोड आलाय. एकदा घरात पडला आणि पुढचे दोन दात गेले. तेव्हाही म्हणाला, "बरं झालं, आता शीळ चांगली वाजेल." कुणी हसलं नाही.

त्याचा निकाल आला. आहे. मग मुलीचं रक्त. तेही आलं. आहे.

डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं. मी बाहेरच्या बाकावर होतो, दार अर्धं उघडं. पहिला प्रश्न बगळोबाने विचारला.

"माझे वडील दारू पीत नव्हते, हे यात लिहिलंय का?"

बाई गोंधळल्या. "तसं यात नसतं लिहिलेलं."

"पण त्यांची चाल याचीच?"

"याचीच असणार."

"एवढं लिहून देता?"

त्यांनी दिलं बिचाऱ्यांनी, साध्या कागदावर, सही करून. तो कागद घेऊन तो बाहेर आला, मला दाखवला. मी वाचला आणि म्हटलं, "आता कुणाला दाखवणार?" सुपरवायझर केव्हाच मेला होता. शेजारी मेले होते. 'झिंग्या' म्हणणारी पोरं म्हातारी होऊन कुठे कुठे पांगली होती. त्याने कागदाची घडी घालायला घेतली, ती काही त्याला जमेना, म्हणून तसाच हातात धरून बसला.

पोर त्याच्या शेजारी येऊन बसली. नवरा गाडी बघायला गेला होता. मी उठायला लागलो, तर ती म्हणाली, "बसा काका, तुमच्यापासून काय लपवायचं." मला ते लागलं, पण मी बसलो. समोरून एक बाई तान्हं मूल खांद्यावर टाकून गेली. पोरीने त्या मुलाकडे पाहिलं नाही. ती स्वतःच्या पायांकडे बघत होती.

"बाबा," ती म्हणाली, "एक विचारू? खरं सांगायचं, हं. माझं मन राखायला काही बोलायचं नाही."

"विचार."

"हे सगळं तुम्हाला तेव्हा कळलं असतं, पाय, हात, आजोबांचं, सगळं… तर मला जन्माला घातलं असतं का?"

मी देवाची शपथ घेऊन सांगतो, तो हो म्हणाला असता तर ती त्याच बाकावर मोकळी झाली असती. मी मनात म्हणत होतो, म्हण रे बाबा, हो म्हण, एवढा एक शब्द टाक. त्याने तिच्या हातावर आपला हात ठेवला. त्यातल्या कुणाला कुणाचा स्पर्श किती कळत होता, देव जाणे. मग तो जे बोलला ते मी जसंच्या तसं सांगतो, त्यात माझा एक शब्द नाही:

"नसतं घातलं. मला काही कळलं नाही, म्हणून तू मिळालीस. तुला आता कळलंय, बाई, तर मला नको विचारूस."